मूळबाई आणि माळावरचे शब्द

मूळबाईंना काही विचारायचं तर हाताशी वेळ ठेवून विचारावं. जिन्यात शेजारणीने सहज म्हणावं, "काय हो, आज पाऊस येईल का?" आणि बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून, खिडकीतून दिसणारा आभाळाचा तुकडा नीट न्याहाळून सांगावं, "पुरावा अपुरा आहे." शेजारीण बिचारी छत्री घ्यावी की नाही एवढंच विचारत होती. फळवाला तर त्या दिसल्या की दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवायचा. "घ्या बाई, एकदम गोड," असं तो एकदा बोलून गेला होता. तेव्हा बाईंनी विचारलं होतं, "सगळी? की तुम्ही चाखलंत तेवढंच?"

एवढ्यावरून त्या भांडकुदळ होत्या असं कुणी समजू नये. आवाज कधी चढत नसे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. जे नक्की माहीत नाही ते नक्की म्हणून सांगायचं नाही, एवढा एकच त्यांचा हेका होता. सुताराच्या केसांतून भुसा घरी येतो तसा हा हेका त्यांच्या कामावरून घरी आला होता.

काम शब्दकोशाचं. इंग्रजी शब्दांचे अर्थ आणि त्यांची मुळं आपल्या भाषेत सांगणारा एक जाडजूड कोश गेली कित्येक वर्षं तयार होत होता, आणि होतच होता. कुलपांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर त्याची कचेरी. माणसं तीन: वयस्कर संपादक, टाइप करणारा एक गृहस्थ आणि मुळं शोधणाऱ्या बाई. पंखा कायम एकवर, कारण दोनवर टाकला की टेबलावरची नोंदींची कार्डं उडून खालच्या कुलपांच्या दुकानात जात. "बाई शब्दांच्या मुळावर उठल्यात," असं टाइप करणारा एकदा म्हणाला, तेव्हा बाईंनी त्याला शांतपणे समजावलं की मुळावर उठणे म्हणजे एखाद्याचं वाटोळं करायला निघणे. तो म्हणाला, "तेच म्हणतोय मी." तेव्हापासून त्या मूळबाई झाल्या त्या झाल्याच.

या कचेरीची एक रीत होती, ती दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. कुठलीही नोंद पक्की करण्याआधी ती बाहेरच्या माणसाला वाचून दाखवायची. बाहेरचा कोण? त्या दिवशी जो पहिला दारात येईल तो. पाण्याचे कॅन आणणारा, विमा विकणारा, कुणीही. वरच्या मजल्यावर दंतवैद्य होता, त्यामुळे मजला चुकलेले, गालाला रुमाल लावलेले लोक फार यायचे. त्यांना खुर्ची द्यायची, चहा विचारायचा आणि नोंद ऐकवायची. दाढ ठणकत असलेल्या माणसाला अडकवून ठेवणं पाप आहे, असं मूळबाईंना वाटे. संपादक म्हणत, "दाढ दुखत असताना ज्याला कळलं, त्याला समजा सगळं कळलं." न कळल्यास नोंद पुन्हा लिहायची. ज्याने लिहिली त्यानेच वाचायची, हाही नियम.

तर त्या दिवसांत कोशाचं काम माळावर येऊन पोचलं होतं. माळ म्हणजे 'हीथ'. नांगर न लागलेली, झुडपांनी भरलेली मोकळी जमीन. जुन्या इंग्रजीत उच्चार जरा वेगळा, पण माळ तोच. जर्मन भाषेत या शब्दाचा भाऊ भेटतो, आणि गॉथिक नावाच्या कधीच्या मेलेल्या भाषेत एक चुलत आजोबा. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. खरी वादावादी पुढच्या शब्दावरून झाली. 'हीदन'. म्हणजे आपल्या धर्माचा नव्हे तो, परका, आणि बोलणाऱ्याची जीभ तिखट असेल तर, रानटी.

"किती सुंदर गोष्ट आहे!" संपादक हात चोळत म्हणाले. "नवा धर्म आधी शहरात आला. शहरातले लोक बदलले. माळावरच्यांपर्यंत बातमीच पोचली नाही, ते आपले जुन्या देवांना धरून. म्हणून माळावरचा तो हीदन. शेंबड्या पोरालासुद्धा कळेल."

"गोष्ट छान आहे," मूळबाई म्हणाल्या. "पण नक्की नाही. लॅटिनमध्ये 'पॅगन' शब्दाचा आधीचा अर्थ खेड्यातला माणूस. तोच साचा समोर ठेवून कुणीतरी आपल्या भाषेत हा शब्द पाडला असेल. काही पंडित तर म्हणतात, माळाशी याचा संबंधच नाही. ग्रीकमधला लोकसमूहाचा शब्द फिरत फिरत इकडे आला. 'बहुधा' घालावं लागेल."

"बाई, तुमच्या एका 'बहुधा'ने माझ्या गोष्टीतली हवा जाते."

"जाऊ दे. पंक्चर आपण केलेलं नाही."

'बहुधा' राहिला. तो नेहमीच राहायचा.

खरं तर हा शब्द मूळबाईंच्या घरात फार पूर्वीच येऊन गेला होता. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका विधुर गृहस्थाशी त्यांनी उशिरा लग्न केलं, तेव्हा घरात एक सहा वर्षांची मुलगी आयतीच होती. आयती म्हणजे कपाटावर. नवी बाई घरात येणार म्हटल्यावर ती कपाटाच्या माथ्यावर चढून बसली होती आणि खाली यायचं नाव घेत नव्हती. खाली तिची आत्या उभी. आत्या म्हणजे मूळबाईंची थोरली नणंद. जीभ धारदार, मन लोण्याचं, पण जीभ आधी पोचायची. "उतर खाली, रानटी कार्टे! चारचौघांत शोभा करतेस!"

"रानटी म्हणजे काय?" वरून प्रश्न आला.

आत्याने कपाळाला हात लावला. मूळबाईंना मात्र आल्या आल्या आपल्या कामाचा प्रश्न मिळाला. त्यांनी मान वर करून सांगितलं की रानटी म्हणजे रानातला, आणि गंमत अशी की इंग्रजांच्यातही असाच शब्द आहे, माळावर राहणारा तो हीदन. "आणि तुझ्यासारख्या मुलीला ते 'हॉयडन' म्हणतात. दांडगी. आधी तो शब्द आडदांड बाप्यांना लावायचे, मग मुलींवर आला. तो त्या माळावरच्याचाच डच नातेवाईक असावा."

"नक्की?"

"नक्की नाही. शोधायचं बाकी आहे."

मोठ्या माणसाच्या तोंडून 'नक्की नाही' हे त्या मुलीने बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं. तिने कपाटावरून पाय लोंबकळत सोडले आणि म्हणाली, "धर मला." मूळबाईंनी धरलं. त्या दिवसापासून ती दांडगी. बापही तिला त्याच नावाने हाक मारायचा.

आता या सगळ्यात एक गाठ होती, आणि ती मूळबाईंनी स्वतःच मारली होती. बाहेरच्या खोलीत मुलीच्या आईचा फोटो होता. त्यावरची धूळ त्या रोज स्वतः पुसत. पुसता पुसता त्यांनी मनाशी ठरवलं होतं की या बाईची जागा आपण बळकवायची नाही. 'आई' हा शब्द तिचा आहे. वर्षभरातच दांडगी आपणहून त्यांना आई म्हणू लागली, तेव्हा त्यांनी ओ दिली, पण चोरट्यासारखी दिली. स्वतःच्या तोंडाने 'मी हिची आई' असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. शाळेत कुठे सही करायची झाली तर पुढे 'पालक' लिहीत. नवरा हसायचा. "अगं, 'आई' लिही की. शाई कमीच लागेल." त्या म्हणत, "काटेकोर नाही ते."

पुढे नवरा अचानक गेला. दांडगी तेव्हा शाळेत होती. तेरावं उलटल्यावर आत्या तिला आपल्या घरी न्यायला आली. हेतू वाईट नव्हता. दांडगीने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली आणि सांगितलं, "मी आईजवळ राहणार." मूळबाई स्वयंपाकघरात नळ सोडून रडल्या. पण तेव्हाही बाहेर येऊन, मीच तिची आई, ती कुठे जाणार नाही, असं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. मुलगी राहिली, म्हणजे सगळं सांगून झालं असं त्यांना वाटलं. माणसं वर्षानुवर्षं अशीच फसतात.

दांडगी मोठी झाली आणि लिफ्टची मेकॅनिक झाली. लहानपणी कपाटावर, आता लिफ्टच्या उभ्या बोगद्यात. "शिकूनसवरून खड्ड्यात उतरायचं!" असं आत्या म्हणाली, पण स्वतःच्या इमारतीची लिफ्ट अडकली की फोन भाचीलाच करायची. दांडगीचा वरिष्ठ एक जुना मिस्त्री होता. जाड मिशा, मऊ आवाज. दुसऱ्या शहरात कंपनीची नवी शाखा निघाली, तेव्हा तिथलं काम सांभाळायला त्याने दांडगीचंच नाव पुढे केलं. दांडगी नाही म्हणाली. "आई एकटी पडेल," एवढंच कारण दिलं. घरी तिने हे सांगितलंसुद्धा नाही.

मग तो दिवस आला. एका इमारतीत लिफ्टच्या वरच्या मशीनखोलीत शिडी सरकली, दांडगी पडली, मनगटाच्या वर हाड मोडलं आणि डोक्याला मार बसला. मिस्त्रीचा फोन आला तशा मूळबाई हातातलं कार्ड हातातच घेऊन धावल्या. दवाखान्यात पोचल्या तर दांडगी हिरव्या पडद्याआड होती. मिस्त्री बाहेर उभा. पडद्याशी एक सिस्टर, दहा कामं अंगावर घेतलेली.

"आत घरचं एकच माणूस," सिस्टर म्हणाली. "तुम्ही आई ना?"

इथे कुणीही 'हो' म्हणालं असतं. रस्त्यावरची परकी बाईसुद्धा म्हणाली असती. पण मूळबाई होत्या त्या. प्रश्न आला की उत्तर तपासून द्यायचं, हे इतकं अंगात मुरलेलं, की घाबरलेल्या असतानाही तेच झालं. उलट घाबरल्या होत्या म्हणूनच झालं असेल. त्या म्हणाल्या, "तसं... काटेकोर म्हणायचं तर नाही. मी तिच्या वडिलांची दुसरी पत्नी."

"मग आई कुठे आहे?"

"त्या वारल्या. फार पूर्वी."

सिस्टरला ऐकत बसायला वेळ नव्हता. "मग तुम्ही बाकावर बसा. डॉक्टरांना विचारून सांगते." तिने मिस्त्रीकडे पाहिलं. "तुम्ही कोण?"

"मामा," मिस्त्री म्हणाला, आणि डोळ्याची पापणी न हलवता आत गेला.

मूळबाई बाकावर बसल्या. हाड बसवायला घेतलं तेव्हा आतून किंकाळी आली, "आई गं!" त्या उठल्या. दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. दुखलं की सगळेच असं म्हणतात, त्यांनी स्वतःला सांगितलं, म्हातारेकोतारेही म्हणतात, ती वेदना असते, हाक नसते. आणि पुन्हा बसल्या. खरं सांगायचं तर या ठिकाणी बाईंना खांद्याला धरून गदागदा हलवावंसं वाटतं. किंकाळी दुसऱ्यांदा आली. मग आली नाही.

पडदा कापडाचाच होता. बाहेरचं सगळं आत ऐकू गेलं होतं.

संध्याकाळी सोडलं तेव्हा टॅक्सीपाशी दांडगी म्हणाली, "तुम्ही पुढे बसा. मला मागे पाय पसरायचेत."

तुम्ही. कपाटावरून उतरल्यापासून त्या मुलीने त्यांना कधी अहोजाहो केलं नव्हतं. मूळबाई पुढे बसल्या आणि घर येईपर्यंत समोरच्या काचेकडे बघत राहिल्या. घरी दांडगीने डाव्या हाताने बॅग भरली. "आत्याकडे जाते थोडे दिवस. तिच्याकडे लिफ्ट आहे, तुम्हालाही त्रास नको." आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. मूळबाईंनी कपड्यांच्या घड्या करून दिल्या. काय चुकलं हे त्यांना पुरतं कळत होतं, पण काय बोलावं ते कळत नव्हतं. जे बोलल्या होत्या त्यात एक शब्द खोटा नव्हता, हीच तर पंचाईत होती.

घर खायला उठलं. त्या कचेरीत लवकर जाऊ लागल्या आणि उशिरा निघू लागल्या. काम अजून माळावरच होतं. 'हेदर' या शब्दाची नोंद त्यांनी तीनदा लिहिली, तीनदा फाडली, शेवटी एक उतरली. ती वाचायची म्हणून सकाळपासून सगळे दाराकडे डोळे लावून बसले, पण त्या दिवशी दंतवैद्याचा एक रोगीही चुकला नाही. दुपार व्हायला आली आणि दारात पावलं वाजली.

आत्या.

"बसा, बसा," संपादक आनंदाने उठले. त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. "चहा घेणार?"

"मी चहाला नाही आले. मला हिच्याशी बोलायचंय."

"आधी नोंद," संपादक म्हणाले. "बाई, वाचा."

"अहो, त्या माझ्या नणंदबाई आहेत," मूळबाई कशाबशा म्हणाल्या.

"कचेरीच्या तर नाहीत ना? मग नियम म्हणजे नियम."

आत्याला वाटलं, इथे आलेल्या माणसाला काहीतरी ऐकूनच घ्यावं लागत असेल. तिने पर्स मांडीवर ठेवली. मूळबाईंनी वाचलं:

"हेदर. उगम अनिश्चित. 'हीथ' या शब्दाशी मूळचं नातं सिद्ध होत नाही. उत्तरेकडच्या बोलींत 'हॅदर', 'हॅडर' अशी याची जुनी, वेगळी रूपं आढळतात. 'हीथ'च्या दीर्घ सहवासाने पुढे याचं रूप त्याच्यासारखं झालं, त्यामुळे दोन्ही एकाच घरचे वाटतात. अर्थ: माळावर उगवणारं जांभळ्या फुलांचं झुडूप."

आत्या म्हणाली, "म्हणजे हे झुडूप आहे होय? मला वाटलं, कुणाची चौकशी चाललीय पोलिसांत."

टाइप करणाऱ्याला ठसका लागला.

"वन्सं, आधी उगम आणि मग अर्थ अशी माझी पद्धत..."

"उगवतं कुठे म्हणालीस? माळावर ना?"

"हो."

"आणि फुललं की माळ जांभळा दिसतो?"

"सगळा. लांबून तेच दिसतं. माळ म्हटलं की लोकांना तेच आठवतं."

"मग बाई माझे, चार ओळी तू ते त्या घरचं नाही हेच सांगत बसलीस. हे तुला विचारलं कुणी?" आत्याचा आवाज चढला, आणि चढता चढता फुटला. "मला मिस्त्रीने सांगितलं सगळं. पोरगी तर तोंडातून अक्षर काढत नाही. सिस्टरने तुला काय विचारलं होतं? पोरीचा हात धरायला आत कोण येणार, एवढंच. आणि तू खानदान काढत बसलीस!"

पंखा एकवर फिरत होता. संपादकांनी चष्मा पुसायला घेतला.

"मी तिला जन्मभर रानटी म्हणत आले," आत्या म्हणाली. "तरी माझ्या घरी ती हक्काने रुसते, हक्काने खायला मागते. का? मी शिव्या देते त्या माझी म्हणून देते. तू तिला एक वाकडा शब्द बोलली नाहीस कधी. पण माझी असंही म्हणाली नाहीस. ती आज कंपनीत जाऊन मिस्त्रीला सांगणार आहे, नव्या शहरात जाते म्हणून. आधी नाही म्हणाली होती. तुझ्यासाठी, बरं का! जाऊ दे, काम चांगलं आहे. पण रुसून जातेय. रुसून गेलेलं माणूस परत येतं, नाही असं नाही. पण पाहुण्यासारखं येतं."

मूळबाईंनी हातातलं कार्ड टेबलावर ठेवलं. सगळं आयुष्य त्यांनी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यात घालवलं होतं: शब्द आला कुठून, आणि शब्द आहे काय. अर्थ विचारला तर अर्थ सांगावा, हे त्या टाइप करणाऱ्यालाही बजावायच्या. आणि त्यांना अर्थ विचारला गेला, तेव्हा त्यांनी उगम सांगितला होता. फोटोतल्या बाईचा मान राखायचा म्हणून त्यांनी जिवंत पोरीला बाहेर ठेवलं होतं. ती बाई असती तर तिने काय म्हटलं असतं? तिने ओरडून म्हटलं असतं, अगं, आत जा, माझी लेक रडतेय.

त्यांनी कार्ड पुढे ओढलं आणि उभ्या उभ्याच पुन्हा लिहिलं. "हेदर: माळावर उगवणारं झुडूप, याच्या फुलांनी सगळा माळ जांभळा होतो." मग बाकीचं. कार्ड संपादकांच्या हातात देऊन त्यांनी पिशवी उचलली. भर दुपारी त्यांना निघालेलं कचेरीने कधी पाहिलं नव्हतं.

"'उगम अनिश्चित' काढलंत की काय?" संपादक घाबरून म्हणाले.

"आहे. शेवटी आहे," म्हणत त्या जिना उतरल्या. आत्या मागून ओरडली, "पळ! आणि तिथे जाऊन बहुधा-बिहुधा करू नकोस!"

लिफ्ट कंपनीची कचेरी चौथ्या मजल्यावर होती. लिफ्ट अर्थातच होती, घरचीच, आरशासारखी लखलखीत. पण मूळबाई जिन्याने गेल्या. लिफ्टने गेल्या असत्या तर वाक्य जुळायच्या आत पोचल्या असत्या. पहिल्या मजल्यावर वाक्यात दोन 'तसं बघितलं तर' होते, ते दुसऱ्यावर गळाले. तिसऱ्यावर 'माझ्या परीने' गेलं. चौथ्या मजल्यावर वाक्य बरंच आटोपशीर झालं होतं, फक्त ते बोलायला श्वास उरला नव्हता.

दार उघडंच. त्यांनी मनाशी धरलं होतं की कुणीतरी विचारेल, आपण कोण, आणि मग आपण ठणकावून सांगू. पण कुणी विचारलंच नाही. "या ताई, या," मिस्त्री उठून म्हणाला. "मी मामा झालो म्हणजे तुम्ही माझी बहीणच की." दोन-तीन मेकॅनिक चहाचे पेले हातात घेऊन उभे होते. लांबलचक टेबलावर स्प्रिंगा, दाराचे स्विच, जाड तारदोराचे तुकडे. आणि टेबलाच्या टोकाला दांडगी, गळ्यात प्लॅस्टरचा हात, डाव्या हाताने स्क्रू निवडून डब्यांत टाकत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं.

कुणी न विचारता सांगायचं हे मूळबाईंना कधी जमलं नव्हतं. त्या टेबलापाशी गेल्या.

"मी तुझी आई आहे," त्या म्हणाल्या. दम लागलेला, त्यामुळे जरा मोठ्यानेच. मेकॅनिकांचे पेले तोंडाशी थांबले. "तू माझी मुलगी आहेस. दवाखान्यात मला विचारलं एक आणि मी सांगितलं भलतंच. चुकलं माझं. तेव्हाच नाही, पहिल्यापासून चुकलं. तुला जायचं असेल तर जा. काम मोठं आहे, तू ते नीट करशील. पण परकी होऊन जाऊ नकोस गं. मला सोसणार नाही ते."

दांडगीने हातातला स्क्रू चुकीच्या डब्यात टाकला. "मी हाक मारली होती," ती खालीच बघत म्हणाली.

"ऐकली."

"मग?"

"मला वाटलं, दुखलं की सगळेच म्हणतात तसं."

"सगळ्यांच्या आया बाहेर बाकावर बसलेल्या नसतात," दांडगी म्हणाली, आणि लहान मुलासारखं तिचं तोंड वेडंवाकडं झालं. मूळबाईंनी तिचं डोकं पोटाशी घेतलं, प्लॅस्टरसकट. मिस्त्रीने मेकॅनिकांना हाकललं. "चला रे, चहा घेऊन या." "आत्ताच तर घेतोय," एक जण म्हणाला. "मग अजून घ्या!"

 मग दांडगीने नाक ओढलं आणि त्यांच्या तोंडावरचा घाम पाहिला. "चार मजले चढून आलीस? गुडघे काय म्हणतील? लिफ्ट आम्ही शोभेला ठेवलीय का?"

आलीस. मूळबाईंना इतका आनंद झाला की त्या गुडघ्यांबद्दल खोटं बोलल्या. "काही दुखत नाही."

"जाणार आहे मी," दांडगी म्हणाली. "मला जायचंय. आधीही जायचं होतं. पण एक अडचण आहे. तिथे एक खोली बघितलीय, आणि घरमालकीण महाखट आहे. म्हणते, एकट्या मुलीला मी अशी चावी देत नाही. आई येऊन खोली बघून जाऊ दे, मगच. म्हणून मी आत्याला विचारणार होते, की तू येतेस का..."

"आत्या कशाला?" मूळबाई म्हणाल्या. "कधी निघायचं?"